गोव्यात, घरात लहान मुलं असताना कोणत्या जातीचा कुत्रा घ्यावा?

तुमची परिस्थिती अशी: फोंड्यात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, मुलगी ७ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा, तुम्ही दोघं नोकरीला, दिवसा घरी सासूबाई. मुलांना हस्की हवाय, तुमच्या मनात लॅब्रॅडॉर आहे आणि ओळखीचं कोणी पगचं पिल्लू फुकट द्यायला तयार आहे. यातलं कोणतं घ्यावं?

मी म्हणेन, तिन्ही नको. सव्वा ते दोन वर्षांची, नसबंदी झालेली, मुलांच्या घरात राहिलेली गावठी कुत्री घ्या. मनातून लॅबच जात नसेल, तर तोही मोठा झालेला घ्या किंवा धाकटा पाच वर्षांचा होईपर्यंत थांबा. कुत्रा निवडताना सगळे जातीपासून सुरुवात करतात. तुमच्या घरात मात्र आधी हवा, मग कुत्र्याचं वय, मग त्या एका कुत्र्याचा स्वभाव आणि सगळ्यात शेवटी जात, असा क्रम लावावा लागेल.

हवेपासून सुरू करू. कुत्र्याला घाम येतो तो पायाच्या तळव्यांतून, आणि तोही नावापुरता. अंगातली उष्णता तो धापा टाकून, जिभेवरच्या ओलाव्याची वाफ करून बाहेर टाकतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ३३-३४ च्या पुढे फारसा जात नाही, पण हवा इतकी दमट असते की ती वाफ सुटतच नाही. म्हणून नागपूरच्या कोरड्या ४० अंशांत सावलीला पडून राहणारा कुत्रा इथे ३३ अंशांत कासावीस होतो. हस्कीच्या अंगावर बर्फासाठी घडलेले दोन थरांचे केस असतात. ते भादरले तरी उपयोग नाही, उलट कातडी उन्हात भाजते आणि नंतर केस नीट येत नाहीत. त्याला दिवसभर एसी लागतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय हस्की रोज मैलोन्‌मैल धावायला घडलेला कुत्रा. फ्लॅटमध्ये त्याची ती ताकद सोफा आणि दारं कुरतडण्यात जाते. मुलांना समजावून सांगा, पण आणू नका. सेंट बर्नार्डचंही तेच.

पग स्वभावाने खरंच गोड असतो आणि मुलांवर सहसा धावून जात नाही. अडचण त्याच्या चेहऱ्यात आहे. नाक चपटं, नाकपुड्या चिरेएवढ्या, आत टाळू लांब. त्याचं घोरणं आपल्याला गंमतीचं वाटतं, पण ते श्वास अडकण्याचं लक्षण आहे. एप्रिलच्या दुपारी मुलांनी दहा मिनिटं चेंडू खेळवला तरी तो उष्माघातात जाऊ शकतो. डोळे बाहेर आलेले असतात, त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाचं बोट सहज लागतं आणि बुबुळावर जखम होते. पिल्लू फुकट असलं तरी पुढचा खर्च फुकट नाही. शित्झू आणि फ्रेंच बुलडॉग यांनाही हेच लागू.

आता लॅब. मुलांच्या बाबतीत त्याच्याइतकं सहन करणारी जात क्वचितच सापडेल, यात शंका नाही. पण तो ३० किलोचा होतो आणि दोन-अडीच वर्षांपर्यंत त्याला स्वतःच्या अंगाचा अंदाज नसतो. तुमचा मुलगा १४-१५ किलोचा. लॅबने आनंदाने घेतलेली एक झेप त्याला फरशीवर पाडायला पुरेशी आहे. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे दुधाचे दात पडून नवे येतात, तेव्हा ते समोर येईल ते चावतं आणि नेमकी मुलाच्या पायांची, हातांची उंची त्याच्या तोंडासमोर असते. ते रागाने चावत नाही, पण मूल घाबरतं आणि ती भीती वर्षानुवर्षं राहते.

लॅबची भूक हा वेगळाच विषय. बऱ्याच लॅबमध्ये पोट भरल्याची खूण मेंदूला देणाऱ्या जनुकात बिघाड असतो, त्यामुळे तो खरोखरच सतत भुकेला असतो. मुलाच्या हातातला उंडा (पाव) ही त्याच्या दृष्टीने मोकळी पडलेली वस्तू. ३० किलोच्या लॅबला दिवसाला साधारण ३५० ते ४०० ग्रॅम कोरडं डॉगफूड पुरतं, दोन वेळांत विभागून. वरून सासूबाईंचा लाडाचा घास, मुलांची बिस्किटं असं चालू राहिलं की वर्षभरात तो ४० वर जातो. मग खुब्याचे सांधे, जे या जातीत आधीच कच्चे असतात, गुळगुळीत टाइल्सवर आणि जिन्यात दुखायला लागतात. पिल्लू घेतलंच तर आई-बापाच्या खुब्यांचा एक्स-रे मागा. दाखवायला जो टाळतो त्याच्याकडून घेऊ नका. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्याने मनाई आहे, आणि पिल्लं विकणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. पिल्लाची आई तुम्हाला समोर दिसलीच पाहिजे. ती माणसाला बघून कोपऱ्यात जात असेल किंवा गुरगुरत असेल, तर पिल्लू कितीही गोजिरवाणं असलं तरी परत फिरा.

बाकीच्या जातींबद्दल थोडक्यात. बीगल आकाराने बेताचा आणि मुलांत रमणारा, पण वासामागे नाक लावून पळतो आणि एकटा पडला की लांब हेल काढून रडतो. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की तुमच्याबरोबर सगळी बिल्डिंग जागी होईल. गोल्डन रिट्रीव्हर स्वभावाने लॅबसारखाच, पण पावसाळ्यात त्याचे लांब केस तळाशी सुकत नाहीत आणि कातडीवर ओले, लाल चट्टे पडतात. पॉमेरेनियन म्हणून आपल्याकडे मिळतो तो बहुधा स्पिट्झ. तो वृद्धांचा चांगला सोबती, पण कुणी अंगावर पडलं की पटकन चावतो. डॅशहुंडला मुलांनी चुकीचं उचललं तर मणका जातो. मुधोळ जात बागलकोटची, उन्हाला कणखर, पण तिला धावायला मोकळं रान हवं. पिटबुल आणि रॉटवायलर यांचा विचारसुद्धा करू नका.

गावठीच का, तर ती इथल्याच हवेत घडली आहे. केस आखूड, नाक लांब, वजन १५ ते २० किलो, सासूबाईंनाही पट्टा धरता येईल इतकं. कान उभे असल्यामुळे लॅबसारखा पावसाळ्यात कान वाहण्याचा त्रास कमी. पण लोक म्हणतात तसं ‘गावठीला काही होत नाही’ हे साफ चूक आहे. पार्वो (रक्ताच्या जुलाबांचा विषाणू), गोचीडताप, लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा आजार) हे सगळं तिलाही होतं, आणि लसीवाचून ती तितकीच मरते. तिचे दोषही सांगतो. अनोळखी माणसाला ती पटकन जवळ येऊ देत नाही, रात्री भुंकते, आणि रस्त्यावर उपाशी राहिलेली असेल तर ताटाजवळ कुणी आलं की गुरगुरते. शेवटचा दोष लहान मुलांच्या घरात चालणारा नाही, म्हणून तो तपासूनच घ्यायचा.

मोठी कुत्री घ्या म्हणतो ते याचसाठी. पिल्लाचा स्वभाव पुढे कसा होईल हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. दीड वर्षाच्या कुत्रीचा स्वभाव डोळ्यांसमोर असतो.

आसगाव, कुडचडे भागात प्राण्यांचे निवारे आहेत. शिवाय बऱ्याच कुत्र्या तात्पुरत्या कुणाच्या तरी घरी सांभाळलेल्या असतात, आणि मुलं असलेल्या घरात राहिलेली मिळाली तर उत्तमच. एकाच भेटीत ठरवू नका, तीनदा जा. पहिल्यांदा फक्त मोठी माणसं. जमिनीवर बाजूला तोंड करून बसा, हाक मारू नका. ती दोन-तीन मिनिटांत आपणहून येऊन हुंगते का पाहा. मग तीन-चार पावलांवर किल्ल्यांचा जुडगा खाली टाका. दचकली तर हरकत नाही, पण दचकून परत येऊन वास घेतला पाहिजे. अर्ध्या तासानंतरही ती लपूनच बसली असेल, तर तुमच्या घरातला आरडाओरडा तिला सोसणार नाही. ताटाची परीक्षा तिथल्या माणसाला करायला सांगा: ती खात असताना जवळून जायचं आणि ताटात चिकनचा तुकडा टाकायचा. अंग ताठ करून खाण्याचा वेग वाढवला की समजा, ही नको. दुसऱ्या भेटीत मुलीला न्या, तिसऱ्या भेटीत मुलाला.

घरी आणल्यावर पहिले तीन दिवस तिला एक कोपरा द्या आणि मुलांना सांगा की ती त्या कोपऱ्यात असली की आपण तिथे जायचं नाही. हा नियम तीन दिवसांपुरता नव्हे, कायमचा. स्वयंपाकघराच्या दाराला मुलांसाठी मिळतं तसं छोटं फाटक लावा. सासूबाई चहा करायला वळल्या आणि मुलगा व कुत्री एकाच खोलीत राहिले, तर ती दोन मिनिटं धोक्याची. पाच वर्षांच्या आतलं मूल आणि कुत्रा, कोणताही कुत्रा, मोठं माणूस नसताना एकत्र ठेवायचा नाही.

चावण्याच्या बहुतेक घटना ‘अचानक’ घडलेल्या नसतात. मुलगा मागून येऊन तिच्या गळ्यात हात टाकतो. ती आधी तोंड दुसरीकडे फिरवते. मग जीभ नाकावरून फिरवते, जवळ खाणं नसतानाही. मग जांभई देते. मग कान मागे जातात, डोळ्याचा पांढरा भाग कोपऱ्यात चंद्रकोरीसारखा दिसतो आणि अंग दगडासारखं होतं. आपण मात्र या वेळेपर्यंत मोबाइलवर फोटो काढत असतो. त्यानंतर ती गुरगुरते. गुरगुरली म्हणून तिला कधीही मारू नका. तो तिचा इशारा आहे. तो मारून बंद केला की पुढच्या वेळी ती इशारा न देता चावेल, आणि मुलाची उंची पाहता तोंडावरच. मुलाला दूर करा आणि मुलीला ही लक्षणं ओळखायला शिकवा. सात वर्षांचं मूल हे फार छान शिकतं. हात लावायचा तो छातीला किंवा मानेच्या बाजूला, तीन सेकंद, मग हात काढायचा. कुत्री आणखी जवळ आली तर पुन्हा लावायचा.

तरी कधी दात लागलेच, तर घरच्या कुत्रीचे असले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही लावू नका. पोव्हिडोन आयोडीन लावून सरळ सरकारी इस्पितळ गाठा. रक्त आलेलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, हे तिथे स्वतःहून विचारा. २०१४ पासून मिशन रेबीजच्या मोहिमेने गोव्यात मोठं काम केलंय आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. पण ते टिकतं लसीकरणावर, म्हणून कुत्रीची रेबीजची लस दरवर्षी चुकता कामा नये. बरोबरीने दरवर्षी लेप्टोचा भाग असलेली एकत्रित लस. आपल्याकडे पावसात उंदरांच्या मुतामुळे डबकी दूषित होतात, आणि लेप्टो कुत्रीकडून माणसांतही येतो. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, घरात मातीत खेळणारी मुलं असल्यामुळे चुकवायचं नाही.

गोचीड हा गोव्यातला कुत्र्यांचा खरा शत्रू. पावडर आणि साबण यांच्या भरवशावर राहू नका. डॉक्टरांना वजन सांगून महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी घ्या आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. फिरवून आणल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवून पाहा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका, रॉकेलही ओतू नका. खाणं सोडलं, सुस्त झाली, हिरड्या फिकट दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रक्त तपासा आणि प्लेटलेट मोजून घ्या. लवकर पकडला तर गोचीडताप औषधाने बरा होतो. साधारण चार आठवड्यांचा कोर्स असतो. आठव्या दिवशी ताजीतवानी दिसली म्हणून लोक तो सोडतात आणि आजार उलटतो.

खाण्याचं सोपं आहे. उकड्या तांदळाचा भात, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, थोडा लाल भोपळा, मीठ-मसाला नाही. पण एवढ्यावर कॅल्शियम पुरत नाही, म्हणून एक वेळ डॉगफूड ठेवा. हुमणातले माशांचे काटे आणि शिजलेली हाडं कधीच नाहीत. चतुर्थीला विशेष लक्ष ठेवा: नेवऱ्यांच्या सारणात मनुका असतात, आणि मनुका, द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. मुलं प्रेमाने भरवतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

आणण्याची वेळही महत्त्वाची. चतुर्थीचे फटाके आणि नरकासुराच्या रात्रीचे लाउडस्पीकर नव्या कुत्रीला पहिल्याच आठवड्यात ऐकवू नका. दिवाळी झाल्यावर आणा. तेव्हा पाऊस संपलेला असतो, उन्हाळा लांब असतो, आणि पुढच्या जूनपर्यंत ती घरात रुळते. दिवाळीआधीच्या दोन महिन्यांत निवाऱ्याच्या फेऱ्या करा आणि सासूबाईंना प्रत्येक वेळी बरोबर न्या. दिवसातले आठ-नऊ तास त्या कुत्रीबरोबर त्याच असणार आहेत. त्यांचं मन नसेल, तर मुलांनी कितीही हट्ट केला तरी यंदा आणू नका.