शिवणताईला विचारा : पोट पुढे येतं, खांदे तिथेच राहतात

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. दोन साइज मोठे कुडते घेतले तर ते खांद्यावरून घसरतात, गळा पसरतो आणि तरीही पुढून कुडता वर उचलला जातो. घरी मशीन आहे, बेसिक शिवण येतं. काय करू?

अगं, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे बघ. मोठा साइज म्हणजे सगळीकडून मोठा, खांदा मोठा, मुंढा मोठा, बाही रुंद, आणि तुला जागा हवीय ती फक्त छातीच्या खाली आणि तीही पुढच्याच भागाला. पाठ तर जवळपास आधीसारखीच असते. म्हणून मी सगळ्यांना सांगते की खांद्याला नीट बसणारा तुझा जुनाच कुडता घे आणि त्याचा फक्त पुढचा खालचा भाग बदल. ते मोठे कुडते वाया जाणार नाहीत, त्यातलंच कापड वापरू.

जुना कुडता घालून आरशासमोर उभी राहा, छातीच्या खाली साधारण 3 सेंमीवर खडूने आडवी रेघ मार. बाजूच्या शिवणी उसव, पुढचा भाग रेघेच्या खाली दीड सेंमी माया (शिवणीसाठी सोडायचं जास्तीचं कापड) ठेवून काप. आता मोठ्या कुडत्यातून नवा खालचा भाग काढायचा, वरच्या कडेला तो जुन्या भागाच्या सव्वापट ते दीडपट रुंद हवा. कापड कमी पडलं तर त्याच कुडत्याच्या पाठीतून दोन उभ्या पट्ट्या काढून दोन्ही बाजूंना जोड. वरच्या कडेला लांब टाक्याच्या दोन टिपा मारून दोरा ओढायचा आणि चुण्या घालायच्या, पण चुण्या फक्त मधोमध, दोन्ही टोकांचे 5-5 सेंमी सपाटच ठेव, नाहीतर काखेखाली फुगा येतो आणि माणूस उगाच रुंद दिसतो.

आणि हे विसरू नकोस, लांबी! पुढून कुडता वर जातो कारण पोटावरून जाताना कापडाला जास्त अंतर कापावं लागतं. खालच्या कडेला मधोमध 6-7 सेंमी जास्त ठेव आणि तो बाक बाजूच्या शिवणीपर्यंत हळूहळू शून्यावर आण. टेबलावर ठेवलास तर पुढचा भाग लोंबल्यासारखा दिसेल, घाबरू नकोस, अंगावर गेल्यावर घेर बरोबर सरळ येतो.

अजून चार महिने जायचेत, तेव्हा आजच्या मापाला शिवलंस तर महिन्याभरात परत उसवायला बसशील. पोटावर एक छोटी उशी ओढणीने बांध आणि मग घालून बघ. खुर्चीत बसूनही बघ, उभं राहून छान दिसणारे कितीतरी कपडे बसल्यावर पोटाला काचतात.

प्रश्न : जीन्सचं बटण लागत नाही. इलॅस्टिकचा पॅनल घरी लावता येतो का?

येतो, पण आधी एक सांग, नुसतं बटणच लागत नाही का? तसं असेल तर केसांचं जाड रबर काजातून ओवून त्याचा फास करायचा आणि तो बटणाला अडकवायचा, वर लांब टॉप. काही आठवडे तेवढ्यावर निघतात आणि जीन्स कापावी लागत नाही.

मांडीला अजून नीट बसतेय पण चेनही लागत नाही, अशी वेळ आली की मग पॅनल, म्हणजे जीन्सचा कमरेचा भाग कापून त्याजागी लावायचा, पोट झाकणारा ताणणाऱ्या कापडाचा रुंद पट्टा. जीन्स घालून पोटाच्या खालून खडूने बाक काढायचा, बाजूच्या शिवणीपासून मध्याकडे 6-7 सेंमी खाली येणारा. मागे बेल्टच्या लगेच खाली. कापायच्या आधी चेन बंद करून तिथली पट्टी दोन वेळा टीप मारून पक्की कर, कारण वरचा भाग कापला की चेनचा सरकता भाग निघून जातो आणि चेन उघडते. धातूची चेन असेल तर शिवण जाणार तिथले दात पकडीने काढून टाक, सुई त्यावर आपटली की तुटून उडते. मग रेघेच्या वर दीड सेंमी माया ठेवून काप.

पॅनलला लायक्रा असलेलं होजिअरी किंवा रिब कापड घे. 10 सेंमीचा तुकडा ताणून 15 कर आणि सोड, परत 10 झाला तर घ्यायचं, सैल पडला तर ते कापड कितीही मऊ असो, नको. जुना टी-शर्ट इथेच नापास होतो. पॅनलचा घेर पोटाच्या मापापेक्षा साधारण 10 टक्के कमी, उंची शिवून झाल्यावर 20-22 सेंमी, दुहेरी घडी करून घडीची कड वर. दोन्हीकडे चार-चार खुणा कर, खुणेला खूण जुळवून टाचण्या लाव, ताणायचं फक्त पॅनलला, आणि स्ट्रेच सुई, 90 नंबर, झिगझॅग.

एक चूक मी स्वतः केलीये. कापडाचा ताण कुठल्या दिशेला आहे ते न बघता घाईत कापलं. ताण आडवा, म्हणजे पोटाभोवती हवा होता, माझा गेला उभा. पहिल्याच दिवशी जीन्स दर दहा पावलांना खाली सरकत होती, संध्याकाळी अख्खी शिवण उसवायला बसले आणि डेनिममधले बारीक झिगझॅग टाके उसवणं म्हणजे डोळ्यांची परीक्षाच गं. म्हणून कापायच्या आधी कापड दोन्ही दिशांना ओढून बघ आणि जास्त ताणतं त्या बाजूला खडूने बाण काढून ठेव.

प्रश्न : माझं मशीन साधं, सरळ टिपेचं आहे. होजिअरी शिवली की घालताना टाके तटातट तुटतात.

सरळ टिपेवर भागतं. बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई लाव, पॉलिस्टर दोरा, टाक्याची लांबी 3, आणि शिवताना कापड दोन्ही हातांनी हलकं ताणून धर, हलकंच, नाहीतर कड लाटांसारखी होते.

शिवाय साध्या मशीनवर शिरिंग, म्हणजे इलॅस्टिक दोऱ्याने आवळलेल्या चुण्यांच्या ओळी, सुंदर होतं आणि पोटासाठी मला तरी ते पॅनलपेक्षाही आवडतं, कारण ते पोटाबरोबर वाढत जातं. बॉबीनवर इलॅस्टिक दोरा हाताने, अजिबात न ताणता गुंडाळायचा, वर नेहमीचा दोरा, टाका 4, सुती कापडावर 1-1 सेंमी अंतराने आडव्या ओळी. पहिल्या एक-दोन ओळींना काहीच आवळलं नाही असं वाटेल, पुढे आवळत जातं, आणि शेवटी इस्त्रीची नुसती वाफ दिलीस, इस्त्री न टेकवता, की कापड डोळ्यांदेखत गोळा होतं. कापड आधी धुऊन घे मात्र, सुती आटतं.

प्रश्न : एवढं शिवायचं आणि बाळ झालं की ठेवून द्यायचं?

लगेच नाही ठेवायचं. गर्भाशय मूळ आकाराला यायलाच साधारण 6 आठवडे लागतात, तोवर हेच कपडे लागणार. वर सांगितलेल्या कुडत्याला छातीखाली शिवण आहेच, शिवतानाच वरच्या भागात दोन्ही बाजूंना 18-20 सेंमीची उभी लपती चेन लाव, दूध पाजायला तोच कुडता चालतो. चेनच्या आतून मऊ सुती पट्टी नक्की लाव, दात तुझ्या अंगाला आणि बाळाच्या गालाला घासायला नकोत.