फेरफार म्हणजे फक्त गडबड नव्हे

प्रश्न असा आलाय: चर्चासत्राच्या पत्रिकेवर 'सार्वजनिक संस्थांनी बदलत्या जगाप्रमाणे स्वतःत बदल करणं' या अर्थाचा एक सुटसुटीत मराठी शब्द छापायचा आहे. 'अनुकूलन' लिहून पाहिलं पण ते कोरडं वाटतंय, आणि कुणीतरी 'फेरफार' सुचवल्यावर बाकीचे दचकले, कारण फेरफार म्हणजे कागदपत्रांत केलेली लबाडी. तर फेरफार चालेल का?

माझ्या मते चालेल. नुसता चालेल असं नाही, यापेक्षा नेमका शब्द मराठीत मला तरी सापडत नाही.

आधी 'अनुकूलन' का नको ते सांगतो. हा शब्द आपण शाळेत जीवशास्त्राच्या धड्यात शिकलो, उंटाचे पाय वाळूत रुतत नाहीत, निवडुंगाच्या पानांचे काटे झाले वगैरे. त्यात बदलणाऱ्याला काही ठरवावं लागत नाही, हजारो पिढ्यांत ते आपोआप होत जातं आणि त्याबद्दल उंटाला कुणी जाब विचारत नाही. पण नगरपालिकेने, शाळेने, पोस्टाने बदलायचं म्हणजे कुणीतरी खुर्चीत बसून निर्णय घेतलेला असतो आणि त्याचे परिणाम तिसऱ्याच माणसाला भोगावे लागतात, ते 'अनुकूलन' म्हटलं की दिसेनासं होतं. 'समायोजन' म्हणाल तर महाराष्ट्रात कुठल्याही शिक्षकाला विचारा, त्याला लगेच अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांची दुसऱ्या शाळेत रवानगी आठवेल. 'सुधारणा' चांगला आणि जुना शब्द आहे, आगरकरांनी १८८८ साली काढलेल्या पत्राचं नावच 'सुधारक' होतं, पण सुधारणा म्हटलं की बदल चांगलाच असणार हे आधीच गृहीत धरलं जातं, आणि इथे तर नेमकं तेच तपासायचंय. 'फेरबदल' मंत्रिमंडळाने कधीच ताब्यात घेतलाय.

आता फेरफार. फेरविचार, फेरतपासणी, फेरनिवडणूक, फेरा, फेरी हे सगळं एकाच कुळातलं, वळणं, फिरणं, पुन्हा करणं. शेजारी गुजरातीत फेरफार म्हणजे साधा बदल, त्याला काळी छटा नाही. मराठीत मात्र दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. बातमीत 'गुणपत्रिकेत फेरफार केल्याप्रकरणी गुन्हा' असं येतं, आणि त्याच दिवशी गावात कुणीतरी तलाठ्याकडे जाऊन विचारतो, 'आप्पा, आमचा फेरफार मंजूर झाला का हो?' दुसऱ्या वाक्यात लबाडीचा वासही नाहीये, उलट तो माणूस आपला हक्क कागदावर आला का ते विचारतोय.

हा दुसरा अर्थ शहरात वाढलेल्यांना नीट माहीत नसतो म्हणून थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी मजा इथेच आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, सातमध्ये जमीन कुणाची ते आणि बारामध्ये पीक काय ते. पण सातवरचं नाव कुणालाही थेट बदलता येत नाही. बदल आधी गाव नमुना सहामध्ये लिहावा लागतो, हीच ती फेरफार नोंदवही. खरेदी झाली, वाटणी झाली, कुणी वारलं, की तिथे नंबर टाकून नोंद होते. मग १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे त्या नोंदीची प्रत चावडीवर लावायची आणि ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी नोटीस द्यायची, हरकत घ्यायला पंधरा दिवस. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत लिहून दोन्ही बाजू ऐकायच्या. तलाठ्याच्या वरच्या मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मगच सातबाऱ्यावर नवं नाव चढतं, आणि जुनं नाव खोडरबराने पुसत नाहीत तर त्याला कंस करतात! 'त्यांचं नाव कंस झालं' असंच गावात बोलतात. नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो, त्या क्रमांकाचं बोट धरून मागे मागे गेलं की पणजोबांपर्यंत पोचता येतं.

म्हणजे बघा, एकच शब्द, एक अर्थ गुन्ह्याचा आणि एक अर्थ हक्काचा, आणि दोघांतला फरक बदल चांगला की वाईट असा नाहीच. फरक नोंद, नोटीस आणि हरकतीची मुदत एवढाच आहे. सांगून, ऐकून घेऊन, जुनं दिसत ठेवून केला तर तो मंजूर फेरफार. गुपचूप केला तर तोही फेरफारच, पण पोलीस ठाण्यातला. सार्वजनिक संस्थेने कसं बदलावं याबद्दल जे काही म्हणायचंय ते सगळं या दोन अर्थांच्या मधल्या फटीत बसतं, आणि म्हणून शब्दाला काळी छटा आहे हे मला उलट उपयोगाचं वाटतं. वाचणारा दचकतो आणि विचारतो, नोंद कुठाय?

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. आमचे आजोबा गेले तेव्हा वारस नोंदीच्या अर्जात दोन मुलांचीच नावं गेली, माझ्या आत्याचं नाव घालायचं कुणाला सुचलंच नाही, लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली म्हणजे झालं असं धरून सगळे चालले. चावडीवर लागलेला कागद शेजारच्या काकांनी वाचला आणि तिला फोन केला. तिने मुदतीत एका पानाची हरकत लिहून पाठवली, सुनावणीला एसटीने आली, आणि तिसरं नाव लागलं. तो कागद चावडीवर लावलाच नसता तर तोच फेरफार आत्याच्या बाबतीत बातमीतला फेरफार ठरला असता, आमच्यापैकी कुणाच्या मनात लबाडी नसतानाही. तेव्हापासून हा शब्द ऐकला की मला आधी ती पंधरा दिवसांची मुदत आठवते.

बरं, ही व्यवस्था स्वतः बदलत नाही असंही नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळायला लागला, १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, म्हणजे नमुना बारातलं पीक आता शेतकरी स्वतः मोबाईलवरून नोंदवतो, आधी ते काम तलाठ्याचं होतं. फेरफाराचं ई-फेरफार झालं. आणि नोटीस बघायला जे ऑनलाइन पान केलंय त्याचं नाव काय ठेवलं, तर 'आपली चावडी'. हे नाव ज्याने कुणी सुचवलं त्याला भाषेची जाण आहे. चावडी हा शब्द कानडीत आणि तेलुगूतही आहे, शतकानुशतकं लोक त्या ओट्यावर येऊन बसले, आता ओटा स्क्रीनवर गेला पण 'इथे येऊन वाचा, काही म्हणायचं असेल तर म्हणा' हे काम तेच राहिलं. मात्र ज्या म्हातारीकडे स्मार्टफोन नाही तिच्यासाठी खरी चावडी आणि खरा कागद राहायलाच हवा, नाहीतर नोटीस दिली असं फक्त म्हणण्यापुरतं उरेल आणि शेजारच्या काकांना वाचायला काही उरणार नाही.

याच्या उलट नुसतं नाव बदलून संस्था बदलत नाही, हे शब्दप्रेमींनी तरी लक्षात ठेवलं पाहिजे. अलीकडे तलाठ्याचं पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, ग्रामसेवकाचं 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय. नवी नावं अर्थाने चूक नाहीत, पण गावात विचारतात 'तलाठी आलेत का' आणि पुढची बरीच वर्षं तसंच विचारतील. शिवाजी महाराजांच्या काळात राजव्यवहारकोश झाला, म्हणजे कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द देणारा कोश, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, तो मोठा आणि विचारपूर्वक केलेला बदल होता, तरी मुजुमदार आडनावाने आजही घराघरात आहे. म्हणजे लोकांच्या तोंडात जुना शब्दही कंसात का होईना टिकतो, पूर्ण पुसला जात नाही. मला ते वाईट वाटत नाही.

आता 'सार्वजनिक संस्था' याबद्दलही एक. पत्रिकेत 'शासकीय संस्था' असा पर्याय होता तो कृपया घेऊ नका. १८७० साली गणेश वासुदेव जोशींनी पुण्यात सार्वजनिक सभा काढली, त्यांना लोक पुढे 'सार्वजनिक काका'च म्हणायला लागले, तिथे सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांनी सही केलेलं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी सरकार नाहीये, पन्नास सह्या आहेत. शासकीय म्हटलं की बदल वरून खाली येतो. सार्वजनिक म्हटलं की ज्यांच्या नावाने संस्था चालते त्यांना विचारावं लागतं, आणि मग तो शब्द फेरफाराशेजारी अगदी बरोबर बसतो.

तेव्हा पत्रिकेवर 'सार्वजनिक संस्थांमधला फेरफार' असं छापा, आणि खाली बारीक अक्षरात 'नोंद, नोटीस, हरकत' असे तीन शब्द टाका म्हणजे दचकणाऱ्यांना रस्ता सापडेल. भाषण करताना क्रियापद लागेल तिथे 'जुळवून घेणं' वापरा, ते बोलायला सोपं आहे, फक्त कोण कुणाशी जुळवून घेतंय हे प्रत्येक वेळी वाक्यात आलं पाहिजे, संस्था लोकांशी की लोक संस्थेशी. आणि क्रियापद म्हणून 'फेरफार करणे' मात्र टाळा, तिथे लबाडीचा अर्थ आधी येतो. गावातही बघा, 'फेरफार केला' असं कुणी म्हणत नाही, 'फेरफार धरला', 'फेरफार पडला', 'फेरफार मंजूर झाला' असंच म्हणतात.