पुस्तक बरोबर की चित्र?

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे. पुस्तकात स्पंज (पाण्यातले साधे प्राणी) ‘बहुतेक असममित’, म्हणजे कसंही कापलं तरी सारखे भाग न पडणारे, असं दिलंय, पण सायकॉन या स्पंजाचं चित्र चारही बाजूंनी सारखं दिसतं. वर्गात विचारलं तर ‘पाठ कर’ एवढंच उत्तर मिळालं. खरं काय धरायचं?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: आधी मुलीला शाबासकी द्या. चित्र नीट पाहून प्रश्न विचारणारी मुलं मला फार आवडतात. पुस्तक आणि चित्र, दोन्ही बरोबर आहेत.

सायकॉन जेमतेम दोन-चार सेंटिमीटरचा, सुरईच्या घाटाचा. मधे पोकळी, तिच्याभोवती सगळीकडून नळ्या, वर एकच छिद्र आणि त्याला काट्यांची झालर. मधोमध उभा कुठूनही चिरा, दोन सारखे भाग पडतात. हीच अरीय सममिती. पण स्पंजांच्या हजारो जातींत इतके नेटके थोडेच.

बाकीच्यांना ठरावीक आकार लागतच नाही. स्पंजाला ना मेंदू, ना मज्जातंतू, ना पोट. बारीक छिद्रांतून पाणी आत घ्यायचं, कॉलर पेशींनी (गळपट्टीसारखी कड असलेल्या पेशींनी) त्यातले जीवाणू टिपायचे, मोठ्या छिद्रातून पाणी सोडून द्यायचं, एवढ्यावर त्याचं भागतं. त्यामुळे कित्येक जाती संथ पाण्यात उंच वाढतात, तर लाटांच्या माऱ्यात खडकावर सपाट पसरतात. १९०७ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून पेशी सुट्या केल्या, तर त्या एकत्र येऊन पुन्हा स्पंज तयार झाला! इतकी वर्षं बडोद्यात प्राणिशास्त्र शिकवलं, पण हा प्रयोग सांगताना दरवेळी अंगावर काटा येई.

आणि देह वेडावाकडा असला तरी आतले काटे किती रेखीव! सायकॉनचा तुकडा ब्लीचमध्ये टाकला की मऊ भाग विरघळतो, तळाशी चुन्याचे काटे उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतले तीन टोकांचे ओळखा. काचस्पंजांत सहा टोकांचेही असतात, काटकोनात.

जमलं तर मुलीला जामनगरकडे नराऱ्याला ओहोटीच्या वेळी न्या. वन खात्याची परवानगी काढावी लागते. तिथे समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी) दिसलं तर त्याचं तोंड जरूर बघा. वरून सगळं गोल, तोंड मात्र लांबट फट. म्हणजे तेही पुरतं अरीय नाही.

परीक्षेत मात्र ‘स्पंज बहुतांशी असममित, सायकॉनसारखे काही अरीय’ असं उदाहरणासकट लिहावं.