आमच्या सोसायटीच्या गेटाजवळ पाच भटकी कुत्री आहेत, एक नुकतीच व्यालीये. मी रोज पोळ्या घालतो, त्यावरून भांडणं होतात. त्यांच्यासाठी खरंच उपयोगी असं काय करता येईल?

पोळ्या थांबवू नका. पण त्या पोळ्या कुत्री पकडण्यासाठी घाला.

मी पुण्यात धायरीच्या बाजूला राहते. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचं नऊ वर्षं बघतेय. पहिली दोन वर्षं मीही नुसतंच खायला घालत होते. माद्या अंगानं भरल्या, पिल्लं जगायला लागली, चाराची अकरा झाली. लोक माझ्यावर चिडले आणि काठी कुत्र्यांच्या पाठीत बसली. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, ६३ दिवसांच्या आसपास विते, आणि एका वेताला चार-सहा पिल्लं सहज होतात. त्यातली कितीतरी पार्व्हो या विषाणूच्या रोगानं रक्त हगून मरतात नाहीतर गाडीखाली जातात. एकदा असं पिल्लू मांडीवर गेलं की नसबंदीला 'क्रूरपणा' म्हणणाऱ्यांशी वाद घालायची इच्छाच राहत नाही.

म्हणून आधी माद्यांची नसबंदी. सगळ्यांची. चार झाल्या आणि पाचवी राहिली, तर वर्षभरात पुन्हा तिथंच येऊन पोचता.

आमच्याकडे अशीच एक राहिली होती, तांबडी. महापालिकेच्या कुत्र्यांच्या गाडीचा आवाज तिला दोन गल्ल्या अलीकडून कळायचा. जाळीवाले उतरेपर्यंत बाई नाल्यापलीकडे. शेवटी मी तिचं ताट सायकली ठेवायच्या खोलीच्या दाराशी ठेवायला लागले. रोज संध्याकाळी सात वाजता, तेच जर्मनचं ताट, कणीचा भात आणि चिकनवाल्याकडचं छाटण. दर दोन दिवसांनी ताट वीतभर आत. तीन आठवड्यांनी ती पार भिंतीपाशी जाऊन जेवायला लागली, त्या दिवशी मी मागून दार ओढलं. मला वाटलं होतं अंगावर येईल. ती भिंतीकडे तोंड करून नुसती उभी राहिली, गाडी येईपर्यंत. ताटातला भातही तिनं संपवला नाही.

एवढं करून पुढं घोळ झालाच. फॉर्मवर पत्ता म्हणून नुसतं 'धायरी' लिहिलं होतं. ऑपरेशन करणाऱ्यांनी सहाव्या दिवशी तिला दीड-दोन किलोमीटर लांब, भाजी मंडईजवळ सोडलं. तिथल्या कुत्र्यांनी फाडायचीच बाकी ठेवली होती. दोन दिवस शोधत होतो आम्ही. तेव्हापासून फॉर्मवर कुत्र्याचा फोटो, समोरच्या दुकानाचं नाव आणि माझा नंबर असल्याशिवाय मी कुत्रं गाडीत चढू देत नाही, आणि सोडताना स्वतः हजर राहते. तुम्हीही हे करा. खाऊन पकडलं असेल तर तेही सांगा, ऑपरेशनला पोट रिकामं लागतं. परत आल्यावर कानाला कट आहे ना ते बघा. तीच खूण, नाहीतर पुढच्या वेळी तीच कुत्री पुन्हा उचलतात. टाक्यांवर आठवडाभर नजर ठेवा. अळ्या पडल्या तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, डॉक्टर गाठा.

नसबंदीबरोबर रेबीजची लस देतात, ती पुढं दरवर्षी लागते. हे जमत नाही असं कुणी म्हटलं तर गोव्याकडे बोट दाखवा. तिथं २०१४ पासून सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था मिळून हे काम करतायत. गावोगाव जाळी घेऊन फिरायचं, लस टोचायची, डोक्यावर रंगाचा पट्टा ओढायचा, फोनवर जागा नोंदवायची. वर्षाला लाखाच्या आसपास कुत्री. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. आणि तुम्हाला स्वतःला चावलं, नुसतं ओरबाडलं तरी, पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. 'पाळीव वाटतंय' वगैरे मनात आणू नका.

आता भांडणं. गेटाजवळ घालू नका, ही चूक तुमची आहे. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीबद्दलच्या केंद्राच्या २०२३ च्या नियमांतही खाण्याची जागा जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब असावी असं आहे. मागच्या भिंतीकडे न्या, वेळ ठरवा, उरलेलं उचला. 'सगळी उचलून न्या' म्हणणारे असतील, तर साधारण नियम नसबंदी आणि लस करून त्याच जागी सोडायचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेबीजची आणि आक्रमक कुत्री त्यातून वगळली. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं अशा जागांची कुत्री परत तिथं सोडायची नाहीत असं सांगितलं. पण सभेत कलमं वाचून दाखवू नका. मी दाखवली होती, दुसऱ्या दिवशी पार्किंगच्या नळाला कुलूप. त्यापेक्षा लिफ्टशेजारी कागद लावा: 'पाचपैकी तीन झाल्या, दोन राहिल्या.' आमच्याकडे सगळ्यात जास्त ओरडणारे काका तो आकडा वाचून स्वतःच विचारायला लागले, राहिलेल्या कधी?

कधी गळ्यावर पट्ट्याचा वळ असलेलं लॅब्रॅडॉर नाहीतर पग दिसलं, तर ते सोडून दिलेलं असतं. त्याला टोळीत जगता येत नाही, उकिरडा उपसता येत नाही. त्याला आत घ्या, जवळच्या डॉक्टरांकडे फोटो लावा, घर शोधा. मालकाला शिक्षा व्हावी असं वाटेल. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. दोन वडापाव आणि एक कटिंग.

तुमची व्यालेली कुत्री आत्ता देऊ नका. पिल्लं अंगावर पितायत तोवर तिला हलवलं तर ती उपाशी मरतील. दोनेक महिन्यांत दूध तुटेल, ती पुन्हा माजावर यायच्या आत नंबर लावा. तोवर बाकीच्या माद्या उरका. पिल्लांचे डोळे उघडलेत का ते बघून इथं कळवा. उघडले असतील तर पंधरवडा झाला असं धरून तिची तारीख काढता येईल.