चंद्राच्या मातीत मेथी लावताय? आधी दगड कुठला ते ठरवा

ताई, तुमची शाळा आणि शेजारच्या तालुक्यातलं कॉलेज मिळून नववीच्या मुलांकडून 'चंद्रासारख्या मातीत' मेथी लावून बघणार, दोघंही आपापल्या जवळच्या खडी क्रशरवरून दगडाची डस्ट आणणार, असं तुम्ही लिहिलंय. वाचलं आणि पोटात कालवलं. काही वर्षांपूर्वी आम्ही दोन संस्थांनी हेच, याच पद्धतीनं केलं होतं. चौदा महिन्यांच्या नोंदी होत्या. त्यातली एकही शेवटी कामी आली नाही.

कुंड्या, बिया, पाणी किती, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मी फक्त मातीबद्दल बोलतो.

आमची मेथी झकास आली. मुलं रोज स्केलपट्टी लावून उंची मोजायची. भागीदार शाळेची मेथी मात्र खुरटी आणि पिवळी. दोन्हीकडे दख्खनचाच काळा दगड, मग फरक का? तीन महिने आम्ही पाणी आणि ऊन यांवर वाद घालत बसलो. मग भूशास्त्र शिकवणारे एक निवृत्त सर आले. त्यांनी आमच्या पोत्यातली मूठभर डस्ट काचेच्या बरणीत टाकली, पाणी घातलं, ढवळली आणि म्हणाले, उद्या बघू. सकाळी तळाला काळी डस्ट, तिच्यावर बोटाच्या पेराएवढा तपकिरी गाळ आणि पाण्यावर तरंगणारा हरळीच्या मुळाचा एक तंतू. आमचा ढीग क्रशरच्या आवारात दोन पावसाळे उघड्यावर पडलेला होता. खाली मुरूम, वर वाहून आलेली माती. आमची मेथी चंद्रावर नव्हे, शेतातच उगवली होती.

चंद्रावर वारा नाही, वाहतं पाणी नाही. तिथली धूळ उल्कांच्या माऱ्यानं चुरा झालेली, म्हणून कणांच्या कडा धारदार असतात. तिच्यात सेंद्रिय काही नाही, नत्र नावालाच, आणि आपल्याकडे पावसानं दगड कुजून होते तशी चिकणमाती नाही. आमच्या पोत्यात नेमकी तीच होती.

म्हणून माझं ठाम मत आहे, चुकत असेन तर जाणकारांनी सांगावं: दोन संस्थांचा प्रकल्प असेल तर दगड एकाच खाणीतून घ्या, आतला ताजा, न कुजलेला. पांढरे ठिपके असलेला नको; ते पाण्यानं नंतर भरलेलं खनिज असतं. एकाच दिवशी दळा, एकाच चाळणीनं चाळा, मग निम्मं निम्मं वाटून घ्या. पाणीसुद्धा दोन्हीकडे एकच ठेवा. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, बॅटरीत भरायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर बरं. आणि एक कुंडी नुसत्या ओल्या कापसाची ठेवाच. मेथीचं बी पहिला आठवडा स्वतःच्या दाण्यातलं अन्न खाऊन वाढतं, तेवढ्यावर 'चंद्रावर मेथी आली' असं म्हणता येत नाही. फ्लोरिडा विद्यापीठानं 2022 मध्ये अपोलो 11, 12 आणि 17 मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या खऱ्या मातीत अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं छोटं रोप लावलं, तेव्हा अंकुर सगळ्यांत आले. फरक दिसला तो सहाव्या दिवसानंतर. मुळं खुंटली, आणि अपोलो 11 च्या मातीतली रोपं सगळ्यांत वाईट वाढली. त्यांना मिळालेली माती होती 12 ग्रॅम. मुलांना हे जरूर सांगा, म्हणजे मापात काटेकोर का राहायचं ते कळेल.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला फार उशिरा कळली. आपला बेसॉल्ट, म्हणजे दख्खनचा हा काळा दगड, चंद्रावरच्या काळ्या डागांशी, म्हणजे लाव्ह्याच्या मैदानांशी जवळचा. वस्तीसाठी चर्चा आहे ती दक्षिण ध्रुवाकडच्या उंच भागाची. तिथला खडक फिकट रंगाच्या अ‍ॅनॉर्थोसाइटच्या जातीचा. चांद्रयान-3 उतरलं तिथेही त्याच्या प्रज्ञान बग्गीनं साधारण तसंच मोजलं. इस्रोनं चांद्रयान-2 च्या चाचण्यांसाठी तमिळनाडूत सेलमच्या बाजूच्या अ‍ॅनॉर्थोसाइटपासून माती केली ती याचसाठी. तुम्ही बेसॉल्ट वापरा, तो हाताशी आहे, पण अहवालात 'मैदानी प्रकारची नक्कल' असं स्पष्ट लिहा. चंद्रावर राहायला जाणाऱ्यांना 'हाताशी होता' ही सबब चालणार नाही, आणि मुलांना आत्ताच प्रामाणिक नोंदीची सवय लागावी असं मला मनापासून वाटतं.

लोणारला मुलांना अवश्य न्या. बेसॉल्टमध्ये उल्केनं पाडलेलं इतकं सुबक विवर जगात क्वचितच आहे, आणि ते आपल्या बुलढाण्यात आहे. तिथून दगड मात्र उचलायचा नाही. ते अभयारण्य आहे.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो, नाहीतर चीड येते. एका कार्यालयानं आमचा संयुक्त अर्ज पाच महिने अडवला. दोन्ही मुख्याध्यापकांच्या सह्या एकाच कागदावर हव्यात म्हणाले, मग वेगवेगळ्या लेटरहेडवर हव्यात म्हणाले. शेवटी निधीचं वर्ष संपलं. तुम्ही दोन्ही तऱ्हांची पत्रं आधीच करून ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. तुमच्या जिल्ह्यात माणसं चांगली असतीलही.

चाळताना मुलांना साधा रुमाल बांधायला देऊ नका, एन-95 मास्क द्या, आणि डस्ट किंचित ओली करूनच ओता. दळण तर मुलांसमोर नकोच. कुंड्यांवर नंबर ऑइल पेंटनं घाला. आमचा मार्कर उन्हानं उडाला आणि अकरा कुंड्या नोंदीतून काढाव्या लागल्या. पोत्यांवरही खाणीचं नाव आणि तारीख त्याच रंगानं.