इराणमधील तरुण-तरुणी लग्न का लांबवत आहेत?

इराणमध्ये लग्ने कमी होत आहेत याचे कारण मुलींचे शिक्षण की पाश्चात्त्य विचारांचे वारे, असे आपण विचारले आहे. दोन्हींत थोडेफार तथ्य आहे, पण माझ्या मते मूळ दुखणे वेगळे आहे. पुण्यात इराणी विद्यार्थ्यांची बरीच वर्दळ होती त्या काळात आमच्या वरच्या खोलीत तेहरानची एक मुलगी तीन वर्षे भाड्याने राहत असे. आज तिने पस्तिशी ओलांडली आहे, ती अविवाहित आहे, आणि अधूनमधून फोनवर होणाऱ्या आमच्या बोलण्यातून मला उमगले ते असे की, तिथे लग्न हा आधी एक करार असतो, त्याची किंमत सोन्यात लिहिली जाते, आणि ती किंमत आज मुलाला झेपत नाही व मुलीलाही पुरत नाही.

ही किंमत म्हणजे मेहर, फारसीत मेहरिये. ती नवऱ्याने बायकोला द्यायची असते आणि कायद्याने ती लग्न होताच केव्हाही मागता येते. शहरांत ती साधारणपणे ‘बहार-ए-आज़ादी’ या सोन्याच्या नाण्यांत ठरवतात. एका पूर्ण नाण्याचे वजन 8 ग्रॅमहून किंचित जास्त. कुणी 14 नाणी लिहितात, कुणी कुराणातील सुरांच्या, म्हणजे अध्यायांच्या, संख्येवरून 114, तर कुणी चक्क मुलीच्या इराणी पंचांगातील जन्मवर्षाइतकी, म्हणजे तेराशेच्या वर. ‘मेहरिये कुणी दिली आणि कुणी घेतली’ असे म्हणत एके काळी हसतखेळत सह्या होत असत. आता कुणी हसत नाही. वसुलीसाठी नवऱ्याला तुरुंगात टाकता येते, आणि 2013 च्या कुटुंब संरक्षण कायद्याने ही तरतूद 110 नाण्यांपुरती मर्यादित केली असली, तरी 110 नाणी म्हणजे जवळजवळ 900 ग्रॅम झाले. 2018 च्या आरंभी एक नाणे सुमारे 15 लाख तोमानांना (तोमान हे इराणी चलन) मिळत होते; 2024 मध्ये तेच 4 कोटींच्या आसपास गेले. पगार काही पंचवीस पटींनी वाढले नाहीत. नाण्यांचा आकडा तोच राहतो आणि कर्ज मात्र दर महिन्याला फुगत जाते, तेव्हा दोन वर्षांची सक्तीची लष्करसेवा आटोपून नोकरी शोधणारा मुलगा सही करायला कचरला, तर त्याला पळपुटा म्हणणे मला अवघड वाटते.

मग मुली मेहर सोडून का देत नाहीत? याचे उत्तर मला आमच्या भाडेकरणीच्या ‘बले-बुरून’च्या हकिकतीत मिळाले. बले-बुरून म्हणजे आपल्याकडील याद्या करण्यासारखी बैठक. फळे, मिठाई, चहा, आणि वडीलधाऱ्यांसमोर अटींचा कागद. मुलाचे काका 14 नाण्यांवर अडून बसले होते, तिचे वडील 300 वर. तेव्हा तीच म्हणाली, “एक नाणेही नको, घटस्फोटाचा, नोकरीचा आणि परदेशी जाण्याचा हक्क नोटरीकडून लिहून द्या.” क्षणभर कुणीच बोलले नाही. मग मुलाची आई म्हणाली, “लग्नाआधीच घटस्फोटाची भाषा?” काका मात्र लगेच 50 नाण्यांवर यायला तयार झाले! सोने द्यायची तयारी होती, हक्क द्यायची नव्हती. लग्न मोडले.

तिची मागणी विक्षिप्त नव्हती. इराणी कायद्यानुसार विवाहित स्त्रीला पासपोर्टसाठी नवऱ्याची लेखी संमती लागते, कुटुंबाच्या हिताला बाधक म्हणून तो तिला एखादी नोकरी करण्यापासून रोखू शकतो, आणि तलाकचा अधिकार मुळात त्याचा असतो. 2015 मध्ये इराणच्या महिला फुटसाल (बंदिस्त मैदानातील छोट्या संघांचा फुटबॉल) संघाची कर्णधार नीलूफर अर्दलान हिला नवऱ्याने संमती न दिल्यामुळे मलेशियातील आशियाई स्पर्धेला मुकावे लागले होते. म्हणजे अविवाहित असताना जे सहज करता येते, ते लग्नानंतर मागून घ्यावे लागते. अशा वेळी मेहर हेच बाईच्या हातचे एकमेव हत्यार उरते; ती सोडून सुटका मिळवण्यावर तर फारसीत म्हणच आहे, ‘मेहरम हलाल, जानम आज़ाद’, अर्थात मेहर माफ केली, जीव सुटला.

बाकीची कारणे आपल्या ओळखीचीच आहेत. तेहरानमध्ये घर भाड्याने घेताना मासिक भाड्याखेरीज ‘रह्न’ नावाची भलीमोठी अनामत द्यावी लागते. मुलीकडच्यांवर ‘जहीज़िये’चा, म्हणजे फ्रिजपासून चमच्यांपर्यंतच्या संसाराचा, भार असतो. लग्न न झालेल्या मुलीला ‘तोर्शीदे’, म्हणजे आंबलेली, म्हणण्याची रीत अजून आहे, पण शहरांत तिची धार बोथट होत चालली आहे. मात्र सगळा इराण लग्न टाळतो आहे असे कृपया समजू नये: मुलींच्या विवाहाचे किमान वय तिथे 13 आहे, आणि सिस्तान-बलुचिस्तानसारख्या गरीब प्रांतांत आजही कोवळ्या मुलींची लग्ने लागतात.

मोठ्या शहरांत काही जोडपी नोंदणीविना एकत्र राहतात. त्याला ‘सफेद विवाह’ म्हणतात. ते बेकायदा आहे, आणि या विषयावर अंक काढणाऱ्या ‘ज़नान-ए-इम्रूज़’ या मासिकावर 2015 मध्ये बंदी घालण्यात आली. सरकारला चिंता नाही असे नाही. 2021 मध्ये लोकसंख्यावाढीसाठी खास कायदा झाला, त्याच वर्षी ‘हमदम’ नावाचे सरकारमान्य स्थळे जुळवणारे ॲपही आले, आणि नवदांपत्याला विवाहकर्जही मिळते. 2024 मध्ये हे कर्ज माणशी 30 कोटी तोमान होते. आमच्या भाडेकरणीने फोनवर लगेच हिशोब केला: त्यात साडेसात नाणी येतात, आणि बँकेला जामीनदार लागतो तो वेगळाच.