सव्वानऊचा टीव्ही आणि काकूंची कणगी

"मॅडम, पीएफचे पैसे मीच शेअर मार्केटमध्ये सांभाळतोय, आता मार्केट पडलंय, रात्री झोप नाही, सगळं काढून एफडीत टाकू का?" हा प्रश्न मला इतक्या रिटायर लोकांनी विचारलाय की एकदा नीट लिहावंच म्हटलं. मी नाशिकमध्ये कौटुंबिक समुपदेशन करते, कुठला शेअर घ्यायचा हे सांगणं माझं काम नाही आणि मी ते सांगत पण नाही. पण माणूस पैशाची भीती घेऊन समोर बसला की ती नेमकी कशाची भीती आहे हे शोधावंच लागतं. तर एका काकांची गोष्ट सांगते, त्यांना विचारून, ओळख पटेल असं सगळं बदलून.

2025 चा फेब्रुवारी संपत आला होता. काका सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या टूलरूममधून 58 व्या वर्षी रिटायर झालेले, तेव्हा वय 61. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे मिळून 61 लाख आले होते. पाच लाख मुलीच्या लग्नाच्या कर्जात गेले, चार बँकेत ठेवले आणि 52 लाख तीन वर्षात हळूहळू मार्केटमध्ये. ईपीएसची (पीएफसोबत मिळते ती) पेन्शन महिन्याला 3,400 रुपये, एवढी वर्षं घासून 3,400, आणि घरखर्च चाळीस हजाराच्या आसपास, म्हणजे उरलेले छत्तीस-सदतीस हजार दर महिन्याला शेअर विकून काढायचे.

त्यांना घेऊन आल्या काकू. म्हणाल्या, "ताई, हे सकाळी सव्वानऊला टीव्हीसमोर बसतात ते साडेतीनला उठतात, जेवण पण तिथंच, आणि रात्री दोनला उठून मोबाईलवर अमेरिकेचा बाजार बघतात. नातू बोलायला गेला की खेकसतात." काका मान खाली घालून बसलेले. 27 सप्टेंबर 2024 ला सेन्सेक्स 85,978 पर्यंत गेला होता आणि 28 फेब्रुवारीला 73,198 वर बंद झाला, पण काकांकडे मोठ्या कंपन्या कमी आणि लहान कंपन्या जास्त, एकूण 26 शेअर, त्यातले निम्मे कुणीतरी ग्रुपवर सांगितलेले. सप्टेंबरात 57 लाख दाखवणारं डिमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, आता 41 दाखवत होतं.

मी विचारलं की काका, दर महिन्याला विकता ते कोणते विकता? "जे फायद्यात आहेत ते, तोट्यातले कसे विकणार?" हे जवळजवळ प्रत्येकजण करतो. चांगले शेअर एक एक करून घरखर्चात जातात आणि शेवटी डिमॅटमध्ये राहतात ते पडलेले. तोट्यातला विकला की चूक झाली हे कबूल केल्यासारखं होतं ना, आणि टूलरूममध्ये आयुष्यभर शंभरावा हिस्सा मिलिमीटर न चुकता काम केलेल्या माणसाला ते फार जड जातं.

मग मी कागदावर एक हिशोब मांडला, तो इथं पण देते कारण सगळी गोम त्यात आहे. समजा 50 लाख आहेत, बाजार 30 टक्के पडला, राहिले 35. हात लावला नाही तर परत 50 व्हायला साधारण 43 टक्के चढावं लागतं. पण त्याच वर्षी त्यातून साडेचार लाख घरखर्चाला काढले तर राहतात साडेतीस, आणि आता 50 वर यायला 64 टक्के चढ लागतो. नोकरीत असताना बाजार पडला की एसआयपीत (दर महिन्याच्या ठरावीक गुंतवणुकीत) स्वस्तात मिळतं, बरंच असतं ते. रिटायर झाल्यावर आपण विकणारे झालेलो असतो आणि पडलेल्या भावात विकणं भाग पडतं. मार्केट वर खाली होणारच, ते कुणाच्या हातात नाही, पण खाली असताना विकायची वेळ येऊ नये ही सोय आपल्या हातातली.

काका हिशोबाकडे बघत बसले आणि काकू पटकन म्हणाल्या, "आमच्याकडे निफाडला बाग होती द्राक्षाची, पण घरच्या गव्हाची कणगी वेगळी असायची. बागेचे पैसे आले नाही आले, अवकाळी झाली, व्यापारी बुडवून गेला, तरी कणगीत वर्षाचा गहू असायचाच. आणि बी ठेवलेलं कुणी खात नव्हतं." मी इतकी वर्षं हे काम करतेय, यापेक्षा सोपं करून कुणी सांगितलेलं मला तरी आठवत नाही. मग आम्ही तोच शब्द धरला.

बँकेतले चार लाख ही कणगी, म्हणजे पेन्शन धरून जवळजवळ अकरा महिन्यांचा घरखर्च, आणि शेअर विकून किराणा भरणं त्या दिवसापासून बंद. एवढ्यानेच काकांचा चेहरा जरा सैल झाला.

दुसऱ्या भेटीत काका एकटे आले आणि खरं दुखणं बाहेर आलं. शेजारच्या एका मुलाने ऑप्शन, म्हणजे भाव पुढं चढेल की पडेल यावर पैसे लावणं, शिकवलं होतं, पडलेले पैसे लवकर भरून काढू म्हणून, आणि त्यात 3 लाख 40 हजार गेले होते. काकूंना माहीत नव्हतं. झोप त्यापायी उडाली होती. मी त्यांना सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, सप्टेंबर 2024 चा अभ्यास सांगितला, तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर, तर काका, हा तुमच्या अकलेचा दोष समजू नका. पण हे काकूंना तुम्हीच सांगायचं.

तिसऱ्या भेटीत माझ्यासमोर सांगितलं. काकू बराच वेळ गप्प, मग एवढंच विचारलं, "अजून काही आहे का?" काका म्हणाले नाही. "मग ते ऑप्शनचं बंद करा माझ्यादेखत, आत्ता." काकांनी तिथंच मोबाईल काढला. लपवलेला तोटा किती दिवस माणसाला आतून खातो ते मी फार जवळून बघितलंय, म्हणून कळकळीने सांगते, तुमच्या घरात असा काही आकडा दडवलेला असेल तर तो आधी बायकोला सांगा, नवऱ्याला सांगा, गुंतवणुकीचं नंतर बघू.

पुढची आखणी मी केली नाही, ठरावीक फी घेणाऱ्या सेबी नोंदणीकृत सल्लागाराकडे पाठवलं. अशा सल्लागाराचा नोंदणी नंबर आयएनए ने सुरू होतो, सेबीच्या वेबसाईटवर तपासता येतो, तपासल्याशिवाय कुणाकडे जाऊ नका. पहिल्यांदा भंगार शेअर टप्प्याटप्प्याने निघाले. साधारण 18 लाख सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये (मर्यादा 30 लाख आहे, व्याज 8.2 टक्के, दर तिमाहीला मिळतं), 9 लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत दोघांच्या नावे, महिन्याला 5,550 येतात त्याचे. सात लाख छोट्या छोट्या एफडीत, म्हणजे व्याज आणि पेन्शन धरून जे कमी पडतं ते तीन वर्षं निघेल. उरलेले अकरा-बारा लाख इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले सगळे शेअर घेणारा फंड), त्याकडे पाच-सात वर्षं बघायचंच नाही. दुसऱ्या घरात हे आकडे वेगळे निघतील, भाड्याचं उत्पन्न असेल, आजारपण असेल, तर कॉपी करू नका.

तीनच वर्षं का, असं काकांनी मला विचारलं होतं. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21,000 वर होता, मार्च 2009 ला आठ हजारांच्या आसपास आला आणि परत 21,000 ला नोव्हेंबर 2010 उजाडला, म्हणजे पावणेतीन वर्षं. 2020 ला काही महिन्यांतच सावरला. पण 1992 च्या तेजीत 4,400 च्या वर गेलेला सेन्सेक्स 2003 च्या एप्रिलमध्ये 3,000 च्या आत-बाहेर होता, तेही विसरायचं नाही. म्हणून तीन वर्षं ही कमीत कमी, आणि ज्याला जास्त भीती वाटते त्याने पाच धरावीत, भित्रेपणा वगैरे काही नाही त्यात. आणि सावरतो तो इंडेक्स, ग्रुपवर कुणी सांगितलेला शेअर सावरेलच असं नाही, 2008 मधले कितीतरी लाडके शेअर परत त्या भावाला आलेच नाहीत.

7 एप्रिलला सेन्सेक्स एका दिवसात 2,227 अंकांनी पडला. सकाळी दहाला काकांचा फोन. मी एकच विचारलं, कणगीत किती आहे? "दहा महिन्यांचं." मग आज काय विकायचंय? थोडा वेळ शांतता, मग म्हणाले, "काही नाही, चहा घेतो." पुढं बाजार सावरला, जूनच्या शेवटी 84,000 ला लागला, पण ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं आणि सावरला नसता तरी त्या दिवशीचं उत्तर तेच होतं.

आता राहिलं ते माझं खरं काम. टीव्ही बंद केल्यावर काका म्हणाले, सव्वानऊला करू काय? कंपनीत होते तेव्हा त्या वेळी त्यांच्याभोवती पाच पोरं उभी असायची, रिटायर झाल्यावर ती जागा आकड्यांनी घेतली होती, हे आम्हाला दोघांनाही तेव्हा कळलं. बरीच घालमेल झाली, दोन-तीन गोष्टी करून बघितल्या, जमल्या नाहीत. सध्या अंबडला एका जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये मंगळवार-शुक्रवार जातात, आयटीआय झालेल्या पोरांना मायक्रोमीटर कसा धरायचा ते शिकवतात. बाकीचे दिवस अजून अवघड जातात, सोमवारी तर हात रिमोटकडे जातोच म्हणतात.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोघं आले होते. सीनियर सिटिझन स्कीमच्या पहिल्या पूर्ण तिमाहीचं व्याज 36,900 जमा झालेलं, वहीत काकूंच्या अक्षरात नोंद, त्याखाली किराणा, गॅस, नातवाची सायकल. डिमॅट किती दाखवतंय हे काकांनी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही.